मेंदू, म्हातारपण आणि पप्पांचं बीएड

प्रश्न: ताई, मी सांगलीची, बीएस्सी झूलॉजी झालंय. आजीला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, तिचं करता करता याच विषयात पुढे जायचं मनात आलंय. पप्पा म्हणतात गप बीएड कर, न्यूरोसायन्सवाल्यांना (मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना) नोकरी कोण देतं?

उत्तर: पप्पांवर चिडू नकोस गं, प्रश्न रास्त आहे त्यांचा. एक आधीच सांगते, एमएस्सी न्यूरोसायन्स केलं म्हणून पेशंट तपासता येत नाहीत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) मान्यता असलेला कोर्स लागतो, तो रस्ताच वेगळा. लॅबमध्ये जायचं तर मेंदूवर संशोधन करणारं मानेसरचं एनबीआरसी आहे, मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था असलेलं बंगळुरूचं निम्हान्स आहे, पण एमएस्सी, मग लाइफ सायन्सेसची नेट परीक्षा, मग पीएचडी, म्हणजे तिशी गाठलीच म्हण. त्या नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि वर घरभाडं, त्यामुळे घरून पैसे मागावे लागत नाहीत हे पप्पांना जरूर सांग.

पण मला विचारशील तर तुझ्यासारखीनं तिसरीकडे बघावं. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिनं 2017-18 मध्ये लासी नावाचा म्हातारपणाविषयीचा देशभराचा सर्व्हे केला, पंचेचाळीशीपुढची 72,000 माणसं, त्यातूनच पुढे अंदाज निघाला की साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. बंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या खेड्यांत वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे परत परत जातंय, वयाबरोबर मेंदू कसा बदलतो ते बघायला. अशा कामाला स्मरणशक्तीची टेस्ट घेणारी, डेटा सांभाळणारी माणसं लागतात. आणि टेस्ट घेणं वाटतं तितकं सोपं नाही हां! कागदावर घड्याळ काढा म्हटलं आणि आजीनं जन्मात पेन्सिल धरली नसेल तर ती विसरलीय की शिकलीच नाही, कसं कळणार? म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी वेगळी टेस्ट बनवली गेली, त्यात ‘डोळे मिटा’ हे कागदावर वाचून तसं करायचं नसतं, टेस्ट घेणारी स्वतः डोळे मिटते आणि म्हणते, मी करते तसं करा. शंभरातून सातसात वजा करत जाण्याऐवजी वार उलटे म्हणायचे. आपल्याकडच्या आजीशी तिच्याच बोलीत हे करायला कोण येणार, सांग बरं?

नोकऱ्या मात्र कॉन्ट्रॅक्टच्या, प्रोजेक्ट संपला की बॅग भरायची, तेव्हा स्टॅटिस्टिक्स आणि ‘आर’ (R, आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा) शिकून ठेव, त्यावर दुसरीकडेही काम मिळतं. पप्पांकडून एक वर्ष मागून घे, जवळपास ज्येष्ठांचं डे केअर असेल तर सहा महिने जाऊन बस. बीएड काय, पुढच्या वर्षीही असणारच आहे.