द्राक्ष-बेदाण्याच्या यूट्यूब चॅनेलसाठी ओळखीचा व्हिडिओ कसा करावा?

तुमचा प्रश्न वाचला. तासगावजवळ बाग आहे, वर्षभरात द्राक्ष आणि बेदाण्यावर चाळीसेक व्हिडिओ टाकलेत, पण लोक एखादा पाहतात आणि निघून जातात. म्हणून आता चॅनेलची ओळख करून देणारा व्हिडिओ करायचाय. त्यात गाव, घराणं, शेती किती हे कसं बसवावं आणि ड्रोन भाड्यानं आणावा का, असं तुम्ही विचारलंय.

गाव एका वाक्यात सांगा. घराणं नको, ड्रोनही नको. पहिल्या पाच सेकंदांत तुमच्या हातात घड किंवा बेदाणा दिसू द्या.

हे मी अनुभवानं सांगतोय. मिरजेत माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे, विहिरी-बोअरच्या मोटरी येतात. दुरुस्तीचं चॅनेल काढलं तेव्हा ओळखीचा व्हिडिओ एका शूटिंगवाल्याकडून पैसे देऊन करून घेतला. सुरुवातीला फिरता लोगो, मग आयर्विन पुलावरून उडणारा ड्रोन, मग इस्त्रीचा शर्ट घालून गल्ल्यावर बसलेला मी: "नमस्कार, हे दुकान माझ्या वडिलांनी सुरू केलं..." असा तीन मिनिटांचा. यूट्यूब स्टुडिओतल्या ॲनालिटिक्समध्ये प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख असतो, कितव्या सेकंदाला किती लोक टिकून आहेत तो. माझी रेघ पहिल्या वीस सेकंदांतच खाली आली. मला फार लागलं, कारण वडिलांबद्दल जे बोललो ते मनापासून बोललो होतो. पण रात्रीच्या लाईटवर पाणी पाजायला गेलेला माणूस मोटर बंद पडली म्हणून फोन उघडतो. त्याचं पीक वाळत असतं. त्याला आधी मोटरीचं उत्तर पाहिजे असतं.

दुसऱ्या वेळी मी स्वतःच फोनवर घेतलं. टेबलावर उघडलेली मोटर, काही कॉइली काळ्या ठिक्कर, शेजारच्या स्वच्छ. वरून माझा आवाज: "तीनपैकी एक फेज गेला, मोटर दोनवर गुरगुरत राहिली, कुणी बंद केली नाही. म्हणून एवढ्याच कॉइली जळाल्या. मोटर अशी जळू नये म्हणून काय करायचं, आणि जळालीच तर भरताना तार कोणती घातली हे कसं ओळखायचं, ते मी इथं दाखवतो." त्यानंतर तीन-चार जुन्या व्हिडिओंचे तुकडे, आणि शेवटी चेहरा व नाव. सगळं मिळून ७० सेकंद. हा व्हिडिओ लावल्यावर लोकांचे प्रश्न बदलले. आधी "दुकान कुठे आहे" विचारायचे, आता "माझ्या मोटरीचा आवाज असा येतोय" असं लिहायला लागले. चॅनेल कशाचं आहे हे त्यांना कळलं होतं.

आपण सांगलीकडची माणसं, म्हणून एक दाखला देतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं. त्या नाटकांत सूत्रधार पुढं येतो आणि आज कोणतं आख्यान होणार ते सांगतो. तो स्वतःचं कूळ सांगत बसत नाही, कारण माणसं बसलेली असतात ती आख्यानासाठी. तुमचं काम तेवढंच आहे: इथं काय बघायला मिळणार ते सांगायचं आणि लगेच त्यातलं थोडं दाखवायचं.

यूट्यूबवर ओळखीच्या व्हिडिओची जागा कशी चालते तेही समजून घ्या. व्हिडिओ आधी नेहमीसारखा अपलोड करायचा. मग कॉम्प्युटरवर स्टुडिओत 'कस्टमायझेशन'मध्ये जाऊन होम टॅबवर तो निवडायचा. तिथं दोन जागा मिळतात. एक सबस्क्राइब न केलेल्यांसाठी, ओळखीचा व्हिडिओ तिथं. दुसरी आधीच सबस्क्राइब केलेल्यांसाठी, तिथं तुमचा ताजा चांगला व्हिडिओ ठेवा, त्यांना परत ओळख कशाला? लावून झालं की इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, स्वतःचं चॅनेल उघडून बघा. परक्या माणसाला काय दिसतं ते तिथंच कळेल. या जागेवर व्हिडिओ चालताना यूट्यूब जाहिरात घालत नाही. पण मागं दुसऱ्याच्या मालकीचं गाणं असेल आणि त्यावर हक्क सांगितला गेला, तर जाहिरात येऊ शकते. संगीत हवंच असेल तर यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं घ्या. मला विचाराल तर बागेत सकाळी जो आवाज असतो तोच पुरे.

आता तुमचा मजकूर. मी तुमच्या जागी असतो तर असा सुरू केला असता: हातात मूठभर बेदाणा, आणि "चार किलो द्राक्षं वाळवली की साधारण एक किलो हा बेदाणा हाती येतो. ऑक्टोबर छाटणीपासून सौद्यापर्यंत यात माल कुठं बिघडतो आणि कुठं वाचतो, ते मी माझ्याच बागेत दाखवतो." मग झटपट तुकडे: छाटणी, केवडा रोग पडलेलं पान, ब्रिक्स म्हणजे गोडी मोजताना हात, डिपिंगच्या द्रावणात बुडणारी जाळी, शेडमधले रॅक, गंधकाची धुरी, पेटी. प्रत्येक तुकडा तीन-चार सेकंद, त्यावर दोन-तीन मोठे शब्द. फोनवर आवाज बंद ठेवून पाहणारेही असतात. त्यानंतर तुमचा चेहरा, नाव, गाव. शेवटी सरळ सांगा की नवा व्हिडिओ कधी येतो आणि सबस्क्राइब करा. जो वार सांगाल तो मात्र पाळा. मजकूर कागदावर लिहून शब्द मोजा. माझ्या वेगानं मिनिटाला सव्वाशे शब्द बसतात, त्यामुळं दीडशेच्या वर गेलात तर कापा. आणि बोला ते तुमच्या बोलीत. "आमच्याकडं असं करत्यात" म्हणणाऱ्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसतो, बातम्यांच्या भाषेत बोललात की तो अंतर राखून ऐकतो.

चित्रीकरणात एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते, ती शेडची. बेदाण्याच्या शेडला बाजूनं हिरवी शेडनेट असते. तिच्यातून येणारा उजेड हिरवट, त्यामुळं फोनमध्ये पिवळा बेदाणाही हिरवट झाक मारतो. तुमच्या मालात रंग म्हणजे भाव. ओळखीच्याच व्हिडिओत रंग चुकला तर जाणकार माणूस तिथंच शंका घेईल. रॅक आतून दाखवा, पण बेदाणा जवळून दाखवताना तो पांढऱ्या ताटात घेऊन शेडच्या बाहेर सावलीत या. दुसरं म्हणजे वारा. बागेत बोललेलं निम्मं वाऱ्यानं खाल्लं जातं. कॉलर माइक नसेल तर चित्र बागेत घ्या आणि आवाज नंतर गाडीच्या काचा लावून आत बसून रेकॉर्ड करा, मी अजून तसंच करतो. फोन आडवा धरा, कारण हा व्हिडिओ कॉम्प्युटरवरही दिसणार आहे.

बाकी कॅमेरा कुठला, ॲप कुठलं, यात वेळ घालवू नका. हातातला फोन चालतो.

वेळेचं मात्र बघा. शेड भरलेली असते फेब्रुवारी ते एप्रिल. ओळखीचा व्हिडिओ नंतर जोडलात तरी चालेल, पण रॅक, धुरी आणि सौद्याचे तुकडे त्याच दिवसांत घेऊन ठेवा, नाहीतर पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागेल. तोवर थांबू नका. तुमच्या चाळीस व्हिडिओंत लोक सर्वांत जास्त वेळ कुठल्या पाचांवर टिकले ते आजच आलेखात बघा, त्यांचेच तुकडे जोडून मिनिटभराचा कच्चा व्हिडिओ लावा आणि बाग न पाहिलेल्या एखाद्या मिरजेच्या किंवा सांगलीच्या माणसाला दाखवा. पाहून झाल्यावर त्याला एवढंच विचारा: "इथं काय मिळतं?" त्यानं तुमचं नाव सांगितलं आणि बेदाण्याचं काही सांगता आलं नाही, तर सुरुवात पुन्हा कापा.