अबोध, नेणीव आणि 'प्रज्ञाहीन'

खानापूरच्या एका वाचकाने विचारलंय: मानसशास्त्रातल्या 'अनकॉन्शस'ला मराठीत अबोध म्हणावं, अचेतन की नेणीव? आणि सरळ 'बेशुद्ध मन' का म्हणत नाहीत?

शेवटचं आधी घेतो. इंग्रजीत चक्कर येऊन पडलेला माणूस अनकॉन्शस आणि मनाचा दडलेला भागही अनकॉन्शसच. मराठीत बेशुद्ध पडतो तो माणूस. मनाला कांदा हुंगवून शुद्धीवर आणता येत नाही. कन्नडचं मात्र इंग्रजीसारखंच. तिथे 'प्रज्ञे' म्हणजे शुद्धही आणि जाणीवही. आमच्या आजीला कन्नड वाचता येत नसे. एकदा अपघाताची बातमी वाचून दाखवताना 'प्रज्ञाहीन' आलं, तशी ती म्हणाली, "आधीच पडलंय बिचारं, वर बिनडोक कशाला म्हणूलालेत?"

'अचेतन' मला नको वाटतो. हिंदीत तो चालतो, पण मराठी कानाला अचेतन म्हणजे दगडधोंडा. 'अबोध' पाठ्यपुस्तकांत रुळलाय. 'अबोध बालक' मध्येच डोकावतं खरं, तरी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्यासाठी तोच ठेवावा. त्याच्या लेखी अबोध म्हणजे नुसतं लक्षात नसलेलं नव्हे, तर दडपलेलं आणि वर यायला धडपडणारं. १९१५ च्या निबंधात त्याने 'सबकॉन्शस' हा शब्द चुकीचा, दिशाभूल करणारा म्हणून बाजूला सारला. आपण मात्र त्याच्या नावावर खुशाल 'सुप्त मन' खपवतो. दडपलेलं झोपलेलं कुठे असतं?

नेणीव म्हणजे मुळात न जाणणं. हरिपाठातल्या 'जाणीव नेणीव भगवंती नाही' मध्ये ती साधी अज्ञानाच्या अर्थाने आहे. म्हणून फ्रॉइडला ती थोडी सैल पडते, पण दडपणुकीशी संबंध नसलेल्या, मन परस्पर उरकून टाकतं त्या कामांना अगदी फिट्ट बसते. बेळगावच्या गणपत गल्लीत मी कन्नडमध्ये 'एष्टु?' (किती?) विचारतो, भाजीवाली मराठीत भाव सांगते, घासाघीस दोन्हीत होते. भाषा कधी बदलली, कुणी ठरवलं, दोघांनाही पत्ता नसतो. ही नेणिवेतली प्रक्रिया. वाक्यात वापरायचं तर 'नेणिवेच्या पातळीवर' असलं जडजंबाळ कशाला, 'नकळत' आहेच की.

परवा भाषा कुठे बदलते ते बघायचं ठरवून गेलो. मेथीची पेंडी हातात धरून उभा राहिलो आणि 'एष्टु' म्हणू की 'कितीला' यातच अडकलो. शेवटी तिनेच विचारलं, "काय की, घेणार हाय काय नाही?"