'लॉरेन्स ऑफ अरेबिया': आधी चित्रपट, मग डिस्क

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. एवढा गाजलेला युद्धपट, मग पहिला तास-दीड तास लढाई का नाही? ४के (म्हणजे साध्या ब्लू-रेपेक्षा जास्त बारकावे दाखवणाऱ्या) डिस्कचं चित्र 'रवाळ' का दिसतं? आणि गोरेगावच्या हॉलमधल्या पंचावन्न इंची टीव्हीसाठी ती परदेशातून मागवणं परवडतं का? चित्रपट तुम्ही ओटीटीवर, दोन रात्रींत तुकडे पाडून पाहिलाय, हेही तुम्हीच लिहिलंय. तेव्हा निकाल जरा राखून ठेवा.

भव्य युद्धपट बघताना मी एकच पाहतो. कोण कुठे आहे, त्याला कुठे पोचायचंय आणि मध्ये काय आडवं येतंय, हे कुणी समजावून न सांगता कळतंय का? माणसं किती जमवली आणि दारूगोळा किती उडवला, तो निर्मात्याच्या खर्चाचा हिशेब. आपला 'बॉर्डर' घ्या. त्यातली भाषणबाजी मला आजही जड जाते. पण लोंगेवालाची चौकी, समोरून येणारे रणगाडे, आणि जैसलमेरची हंटर विमानं अंधारात कामाची नाहीत म्हणून उजाडेपर्यंत धरायचा तग, हे ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्रीचं गणित शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. म्हणूनच तो पकड घेतो.

पहिल्या महायुद्धात अरबांना घेऊन तुर्कांशी लढणारा ब्रिटिश अधिकारी म्हणजे हा लॉरेन्स. त्याच्यापुढे तुर्कांच्या आधी उभं असतं ते अंतर. तुर्कांच्या ताब्यातल्या अकाबा बंदराच्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या, मागून यायचं तर नफूदचं वाळवंट तुडवायचं. तुम्हाला कंटाळवाणा वाटलेला भाग तो हाच. ती तहान, ते ऊन आपण भोगलं नाही तर पुढचा हल्ला म्हणजे नुसती घोड्यांची पळापळ. आणि हल्ला येतो तेव्हा दिग्दर्शक डेव्हिड लीन काय करतो पाहा. कॅमेरा उंचावर, लांब. घोडे आणि उंट गावातून समुद्राकडे लोटतात, कॅमेरा त्यांच्याबरोबर सावकाश वळत जातो आणि थांबतो तो पाण्याकडे तोंड करून बसलेल्या तोफेवर. एका शब्दाविना सगळी मोहीम कळली. (हे अकाबा खरं म्हणजे स्पेनमध्ये, अल्मेरियाच्या किनाऱ्यावर उभारलेला सेट आहे.)

इतिहास म्हणून मात्र गुण कापावेच लागतात. खरी चकमक अकाबाच्या बऱ्याच अलीकडे, अबू अल-लिसानला २ जुलै १९१७ रोजी झाली, आणि ६ जुलैला अकाबा जवळजवळ न लढता हाती आलं. त्या चकमकीत लॉरेन्सनं गडबडीत स्वतःच्याच उंटिणीच्या डोक्यात गोळी घातली. हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय, लीननं अर्थातच गाळलंय. १ ऑक्टोबर १९१८ ला पहाटे दमास्कसमध्ये अरबांच्या आधी शिरलं ऑस्ट्रेलियन घोडदळ. मला जास्त खटकतं ते वेगळंच. ब्रिटिश सेनापती ॲलनबीच्या फौजेत भारतीय घोडदळ मोठ्या संख्येनं होतं, जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी २३ सप्टेंबरला हैफा घेतलं, आणि या सगळ्याचा चित्रपटात जवळपास मागमूस नाही. आपल्या वाट्याला आलाय तो आय. एस. जोहर. हिंदीत विनोदी भूमिका करणारा हा माणूस इथे गासिम आहे, नफूदमध्ये मागे राहिलेला आणि भर उन्हात एकटा चालत सुटलेला. त्याचं पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. माझ्या लेखी चित्रपटाचा खरा कणा तोच.

आता डिस्क. हा चित्रपट ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झालाय, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा चौकट कितीतरी मोठी. तुम्ही ज्याला रवाळ म्हणताय ते फिल्मचे कण आहेत. चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं, ते पुसले की कातडी मेणासारखी दिसते आणि वाळू सपाट होते. ओमर शरीफचा प्रवेश लावून पाहा. क्षितिजावर हवा थरथरतेय, त्यात आधी एक काळा ठिपका, मग ठिपक्याची उभी रेघ, मग उंटावरचा काळ्या झग्यातला स्वार. छायालेखक फ्रेडी यंगनं त्यासाठी खास लांब पल्ल्याची, ४८२ मिमीची लेन्स वापरली. त्या थरथरीत चौकटीतला कणन् कण हलत असतो, आणि कमी डेटात चित्र दाबून बसवणाऱ्या ओटीटीला नेमकं हेच झेपत नाही. थरथर चौकोनी ठोकळ्यांत गोठते आणि ठिपका त्यात विरघळतो. ४के स्ट्रीमला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, डिस्कला बऱ्याचदा त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा फरक पंचावन्न इंचांवर, सात-आठ फुटांवरूनही दिसतो.

शिवाय या डिस्कमागची मेहनत. डिसेंबर १९६२ च्या प्रीमियरनंतर चित्रपटाला कात्री लागत गेली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ३५ मिनिटं गेली. १९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस यांनी तो पुन्हा जुळवला. सापडलेल्या काही दृश्यांचा आवाजच उरला नव्हता, म्हणून पीटर ओटूल आणि ॲलेक गिनेस यांनी पंचवीसेक वर्षांनी स्वतःचे संवाद पुन्हा म्हटले. जॅक हॉकिन्स तोवर वारले होते, त्यांच्यासाठी चार्ल्स ग्रे यांचा आवाज घेतला. २०१२ च्या नव्या आवृत्तीसाठी निगेटिव्ह ८के मध्ये (४के पेक्षाही बारीक) स्कॅन केली, आणि वाळवंटातल्या उष्णतेनं इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या रासायनिक थराला, गेलेल्या बारीक भेगा डिजिटली भरल्या. २०२० ची ४के डिस्क याच कामावर उभी आहे.

डिस्क आल्यावर टीव्ही आधी सरळ करा. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद, शार्पनेस जवळजवळ शून्यावर, फिल्ममेकर मोड असेल तर तोच. वर-खाली काळ्या पट्ट्या राहणार, कारण चौकट २.२० : १ आहे. झूम करून त्या घालवल्यात तर कडेचे स्वार कापले जातील. सुरुवातीला चारेक मिनिटं काळा पडदा आणि नुसतं मॉरिस जारचं संगीत असतं, डिस्क बिघडली म्हणून परत पाठवू नका! दुपारी बघणार असाल तर खिडकीला जाड पडदा हवा, नाहीतर रात्रीच्या प्रसंगांत तुम्हाला हॉलमधला पंखाच दिसेल. शेजाऱ्याची भिंत लागून असेल तर ॲम्प्लिफायरचा नाइट मोड लावा. नाहीतर संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज चढवाल आणि पुढच्या स्फोटाला सोसायटीचा ग्रुप पेटेल.

पैशांचं म्हणाल तर मुंबईतलं डिस्कचं जुनं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६ लाच बंद झालं, आता अशी डिस्क बाहेरूनच येते. कुरिअर आणि कस्टम्स धरून किंमत काढा, नुसता वेबसाइटवरचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. ४के डिस्कला रीजनचं कुलूप (ठरावीक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालण्याचं बंधन) नसतं. सोबतच्या साध्या ब्लू-रेला असू शकतं, तेव्हा ते विक्रेत्याला विचारा. साधा ब्लू-रे प्लेअर ४के डिस्क वाचणार नाही. घरात डिस्क ड्राइव्हवालं प्लेस्टेशन ५ असेल तर वेगळा प्लेअर नको. तेही नसेल आणि फक्त या एका चित्रपटासाठी प्लेअर घेणार असाल, तर मी थांबायला सांगेन. साधी ब्लू-रेही त्याच २०१२ च्या कामावरून केलेली आहे आणि उत्तम आहे, फक्त तुमच्या प्लेअरचा रीजन तपासा. भारत सी मध्ये येतो.

आणि बघाल तेव्हा मध्यंतरासकट एका बैठकीत बघा. पावणेचार तासांच्या वर जातो, रविवारी जेवून बसलात तर चहापर्यंत होतो.