चंद्रताल एका दिवसात उरकता येतं का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही नवरा-बायको जूनमध्ये मनालीला चाललोय. टूरवाला म्हणतो पहाटे निघा, डोंगरातलं चंद्रताल तळं बघा, रात्री परत हॉटेलवर या. मागच्या वर्षी कॅमेरा घेतलाय, मला ते निळंशार पाणी आणि त्यात डोंगराचं प्रतिबिंब असा एक तरी फोटो पाहिजेच. जमेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, जाऊन येणं जमेल, फोटो नाही जमणार. पहाटे निघून अटल बोगदा, छत्रू, बातल असं करत त्या दगडाधोंड्यांच्या रस्त्यानं पोचेपर्यंत दुपार होते, आणि दुपारी तिथं बहुतेक वारा सुटलेलाच असतो, मग कसलं प्रतिबिंब आणि कसलं काय. मी पहिल्या वेळी असाच गेलो होतो. सत्तर-ऐंशी फोटो काढले, सगळ्यात पाणी चुरगळलेल्या चादरीसारखं, आणि डोकं असलं ठणकत होतं की लेन्सचं झाकण कुठं पडलं ते पण कळलं नाही.

डोक्याचं कारण साधं आहे. आपलं सोलापूर पाचशे मीटरच्या खाली, मनाली दोन हजारच्या आसपास आणि चंद्रताल साधारण ४,३०० मीटरवर, तिथं दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास. ३,००० मीटरच्या वर रोज झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये असं सांगतात. म्हणून उलटं जा. शिमला, कल्पा, नाको, काझा, काझात दोन-तीन रात्री काढायच्या, मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल, मुक्काम, आणि तिथून मनालीला खाली. दिवस जास्त जातात, मान्य. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, आणि तरीही डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, तर फोटो गेला खड्ड्यात, आधी खाली उतरायचं.

आणि जून म्हणता तर सुरुवातीचा अजिबात धरू नका, बर्फामुळं रस्ता कधी उघडेल याचा भरवसा नसतो. मला विचाराल तर सप्टेंबर. रस्त्यात नाले आडवे येतात, ते सकाळीच पार करायचे, कारण ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गाडीचं चाक बुडवतं.

आता फोटो. खरं म्हणजे तुम्ही एका फोटोत दोन गोष्टी मागताय. ग्लेशियर सरकताना खालचा दगड जात्यासारखा दळतं, ते पीठ पाण्यात मिसळतं, वाटेतली चंद्रा नदी राखाडी दिसते ती त्यामुळंच. चंद्रतालमध्ये वरून नदी येताना दिसतच नाही, वितळलेलं पाणी जमिनीतून झिरपून येतं, म्हणून ते एकदम नितळ, आणि त्याचा निळा-हिरवा रंग खुलतो ऊन पाण्यावर पडल्यावर. प्रतिबिंब मात्र वारा सुटायच्या आधी. म्हणजे ऊन डोंगरावरून खाली पाण्यावर आलंय आणि वारा अजून उठला नाही, एवढाच वेळ तुमचा, आणि तो सकाळीच. काठावर तंबू लावायला मनाई आहे (२००५ पासून ही रामसर यादीतली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली जागा आहे), कॅम्प काही किलोमीटर अलीकडं असतात, गाडी लावून पुढं चालायचं, तेव्हा अंधारातच उठा.

पोलरायझर (लेन्सपुढं लावायचा फिल्टर) नेणार असाल तर लक्षात घ्या, तो फिरवला की पाण्यावरची चमक जाते, तळातले दगड दिसतात, पण त्या चमकेबरोबर प्रतिबिंबही जातं. बर्फ फ्रेममध्ये जास्त असेल तर एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर कॅमेरा बर्फाला मळकं करून टाकतो. बॅटऱ्या थंडीत पटापट उतरतात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. तंबूत शिरताना गार कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा, नाहीतर लेन्सवर दहिवर धरतं. मोबाइलवर पण सकाळचा फोटो छान येतो ओ, वेळ बरोबर पाहिजे. जायच्या आधी चार दिवस सकाळी सहाला सिद्धेश्वर तलावावर जाऊन देवळाचं प्रतिबिंब काढून बघा, वारा कधी उठतो ते तिथं पण कळतं. माझा एक मित्र म्हणाला होता, ‘काय बे, तळं बघायला एवढं लांब जातो, इथं हाय की!’

प्रश्न: चंद्रतालचं पाणी चंद्रभागेला मिळतं असं वाचलं. आमची आई वारकरी आहे, ती म्हणते बाटली भरून आण. हीच का ती?
– पंढरपूर

उत्तर: नाव तेच, नदी वेगळी. चंद्रतालचं पाणी चंद्रा नदीत जातं, तांदीला तिला भागा मिळते, मग ती चंद्रभागा आणि पुढं चिनाब. आपली भीमा भीमाशंकरहून येते, पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. गंमत म्हणजे चंद्रतालचं नावसुद्धा त्याच्या कोरीसारख्या आकारावरूनच सांगतात. बाटली भरायचीच तर तांदीच्या संगमावर भरा, तळ्यात उतरू नका.

प्रश्न: खायचं काय न्यावं?
– होटगी रोड

उत्तर: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. माझी सातव्या दिवशी बातलच्या ढाब्यावर संपली, तिथल्या चाचांनी पण खाल्ली.