समलिंगी, समलैंगिक आणि पौलाची शेज

विचारणा अशी आहे: "'समलैंगिक पुजाऱ्यांच्या दीक्षेवरून चर्चमध्ये फूट' असं वाक्य वाचलं. समलिंगी बरोबर की समलैंगिक? आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकाला पुजारी म्हणतात का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी. नाही म्हणत. पाश्चात्त्य बातमी मराठीत आणताना 'प्रीस्ट' दिसला की 'पुजारी' ठोकून द्यायचा, ही खोड काही केल्या जात नाही. 'पाद्री' हा पोर्तुगीज 'पाद्रे', म्हणजे बाप, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण इंग्रजी 'प्रीस्ट'चं मूळ ग्रीक 'प्रेस्ब्युतेरोस', म्हणजे वयाने मोठा, हे बातमी लिहिणाऱ्याच्या गावी नसतं. मराठी बायबलात या शब्दाला सरळ 'वडील' म्हटलं आहे. वेदीवर अर्पण करणारा तो वेगळा. त्याला ग्रीकमध्ये 'हिएरेउस' आणि मराठी बायबलात 'याजक' म्हणतात. चर्चमधला सेवक हा 'वडील' की 'याजक', यावर रोम आणि प्रॉटेस्टंट पंथ पाचशे वर्षं भांडत आहेत. तुम्ही 'पुजारी' लिहून त्या भांडणाचा निकालच लावून मोकळे होता.

तेव्हा पंथ पाहून शब्द घ्यावा. कॅथलिक असेल तर धर्मगुरू किंवा फादर. ल्युथरन, प्रेस्बिटेरियन असेल तर पाळक. मेथडिस्टांत पूर्ण दीक्षा झालेल्याला 'एल्डर' म्हणतात, म्हणजे पुन्हा आपले वडीलच. अँग्लिकनांसाठी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांसाठी, प्रीस्ट किंवा पाद्री चालेल. बिशपला बिशपच म्हणावं. पण मराठी बायबलाने बिशपसाठीच्या ग्रीक 'एपिस्कोपोस'ला दिलेला 'अध्यक्ष' हा शब्द पाहून कुणाही व्युत्पत्तिवेड्याला आनंद व्हावा. एपि म्हणजे वर आणि स्कोपोस म्हणजे पाहणारा. इकडे अधि म्हणजे वर आणि अक्ष म्हणजे डोळा. दोन्ही शब्दांचा सांगाडा एकच. सभेच्या अध्यक्षाचा डोळा हल्ली मिटलेला असतो, तो भाग वेगळा.

'दीक्षा' चालतो, कॅथलिकांत 'गुरुदीक्षा' रूढच आहे. फक्त बिशपची दीक्षा लिहू नका, बिशपचा अभिषेक होतो. २००३ साली न्यू हॅम्पशायरचे बिशप म्हणून जीन रॉबिन्सन यांच्यावरून जगभरच्या अँग्लिकनांत रण माजलं, तेव्हा वाद त्यांच्या दीक्षेचा नव्हताच. प्रीस्ट तर ते १९७३ पासून होते. जोडीदाराबरोबर उघडपणे राहणाऱ्या माणसाची बिशपपदी निवड झाली आणि २ नोव्हेंबर २००३ रोजी अभिषेक झाला, वाद त्याचा होता. एका चुकीच्या शब्दाने तीस वर्षं पुसली जातात, ती अशी.

आता पहिला प्रश्न. 'समलैंगिक' व्याकरणदृष्ट्या अशुद्ध आहे असं ठासून सांगणारे शुद्धिवादी भेटतात. त्यांचं म्हणणं असं की 'समलिंग' या अख्ख्या शब्दाला 'इक' लावला तर वृद्धी पहिल्या स्वरावर यायला हवी आणि रूप व्हायला हवं 'सामलिंगिक'. समाजाचं सामाजिक होतं, तसं. नियम बरोबर आहे, लावला चुकीच्या जागी. इथे प्रत्यय समासाला लागलेलाच नाही. 'लैंगिक' आधी तयार झाला आणि मग त्याला 'सम' जोडला. तेव्हा शब्द शुद्ध आहे. माझी तक्रार त्याच्या अर्थाबद्दल आहे.

मराठीत 'लैंगिक' हा शब्द लिंगापासून केव्हाच निघून शरीरव्यवहारावर जाऊन बसला आहे. लैंगिक शिक्षण, लैंगिक छळ, लैंगिक संबंध. त्यामुळे 'समलैंगिक पाळक' म्हटलं की वाक्य न सांगताच सांगतं की हा माणूस काहीतरी करतो. 'समलिंगी'तला ई-प्रत्यय नुसता धारण करणारा एवढंच सांगतो. त्यातही खोच आहे: समलिंगी म्हणजे ज्यांचं लिंग समान ते, मग एकटा माणूस समलिंगी कसा, कुणाशी समान? पण हा अर्थ आता रूढ झाला आहे आणि रूढीशी भांडण्यात हशील नाही. शिवाय १८६९ मध्ये केर्टबेनी या लेखकाने प्रशियाच्या दंडविधानाविरुद्धच्या पत्रकात 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा छापला, तेव्हा त्याने ग्रीक 'होमोस'ला लॅटिन शेपूट जोडलं. तो 'होमोस' आणि आपला 'सम' हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज. 'होमो म्हणजे लॅटिनमध्ये माणूस' असं सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

म्हणून माणसाला समलिंगी म्हणावं आणि कृतीबद्दल बोलायचं असेल तिथे समलैंगिक संबंध म्हणावं. हा भेद मी हौसेखातर काढत नाही. ख्रिस्ती पंथांतला सगळा वाद याच भेदावर उभा आहे, आणि प्रत्येकाने रेघ वेगळ्या ठिकाणी ओढली आहे.

रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, ती माणसाच्या कलावरच, म्हणजे नुसत्या ओढीवर, ओढली. त्यांच्या लॅटिन परंपरेत धर्मगुरू अविवाहितच असतो, त्यामुळे आचरणाच्या कसोटीने समलिंगी आणि इतर यांत फरकच पडत नाही. २००५ च्या व्हॅटिकनच्या सूचनेत म्हणूनच 'खोलवर रुजलेली' प्रवृत्ती आणि तात्पुरती प्रवृत्ती असे दोन भाग पाडले. पहिली असेल त्याला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, घ्यायचं नाही. दुसरी असेल तर डीकनपदाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या आधीच्या पायरीच्या, दीक्षेपूर्वी किमान तीन वर्षं ती मागे पडलेली हवी. चर्च ऑफ इंग्लंडने रेघ आचरणावर ओढली: २००५ पासून पाद्री समलिंगी जोडीदाराशी नागरी भागीदारीची नोंदणी करू शकतो, अट ब्रह्मचर्याची. अमेरिकेतल्या मोठ्या ल्युथरन चर्चने २००९ साली मिनिॲपोलिसच्या सभेत ५५९ विरुद्ध ४५१ मतांनी रेघ आणखी पुढे नेली. ज्या समलिंगी पाळकाचं नातं आजन्म, एकनिष्ठ आणि चारचौघांत जबाबदारी मानणारं आहे, त्याला सेवा खुली झाली.

सर्वांत मासलेवाईक भाषा युनायटेड मेथडिस्टांची. १९८४ पासून त्यांच्या नियमावलीत बंदी होती ती 'सेल्फ-अव्हाउड प्रॅक्टिसिंग' समलिंगी व्यक्तीला दीक्षा देण्यावर. याचं मराठी 'स्वयंघोषित सराव करणारे' असं केलेलं पाहिलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. सराव फलंदाज करतो आणि प्रॅक्टिस वकील. इथे म्हणायचं आहे 'स्वतः कबुली दिलेला आणि तसं आचरण असलेला'. दोन्ही अटी एकदम लागत. कबुलीही बिशप, जिल्हा अधीक्षक, दीक्षामंडळ अशा ठरावीक ठिकाणी दिलेली धरत. शेजाऱ्याने सांगितलेलं चालत नसे. २०१९ मध्ये सेंट लुईसच्या सभेत कडक बाजू ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी जिंकली आणि तिने हीच व्याख्या रुंदावली. मग समलिंगी विवाहात राहणं हीच कबुली धरली जाऊ लागली.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं तो शब्द. या वादात दोन्ही बाजू ज्याच्यावर धडकतात तो पौलाचा 'अर्सेनोकोइतेस'. पौल म्हणजे पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक, ज्याच्या नावावरची पत्रं बायबलात आहेत. हा शब्द करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ६:९ ला येतो आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रात १:१० ला, दोन्हीकडे पापी लोकांच्या यादीत. 'अर्सेन' म्हणजे नर, आणि तो आपल्या 'ऋषभ'चा नातेवाईक. 'कोइते' म्हणजे अंथरूण. ते आलं 'केइताई' म्हणजे 'तो पडला आहे' या क्रियापदाच्या धातूपासून, आणि ग्रीक 'केइताई' म्हणजे अक्षरशः संस्कृत 'शेते'. त्याच धातूची शय्या, आणि शय्येची मराठी शेज. म्हणजे ज्या शब्दाने अख्ख्या पंथांचे तुकडे पाडले त्याच्या अर्ध्या भागाची सख्खी चुलत बहीण आपल्या शेजघरात नांदते आहे! इंग्रजीतला 'कॉइटस' मात्र या घराण्यातला नव्हे. तो लॅटिन 'को' अधिक 'ईरे', एकत्र जाणे. बांधणीने आपल्या 'समागम'च्या जवळचा. हे दोन्ही एक समजणारे लेख सर्रास दिसतात.

हा शब्द कुठून आला? पौलाच्या आधीचा म्हणता येईल असा एकही निर्विवाद उपयोग मिळत नाही. पण हिब्रू शास्त्राचं जे ग्रीक भाषांतर तो वापरत असे, त्यात लेवीय या पुस्तकातलं २०:१३ उघडा. तिथे ओळ आहे 'मेता आर्सेनोस कोइतेन गुनाइकोस', म्हणजे नराबरोबर, स्त्रीची शेज. आर्सेनोस आणि कोइतेन शेजारी शेजारी. दोन शब्द उचलले, जोडले, झाला शब्द. अभ्यासक डेव्हिड राइट यांनी १९८४ मध्ये हे मांडलं आणि मला ते पूर्ण पटतं.

इतिहासकार जॉन बॉसवेल यांचं मत याच्या उलट. १९८० मध्ये त्यांनी म्हटलं की इथला नर हा कर्म नसून कर्ता आहे, म्हणजे शेज विकणारा पुरुष. आपल्या भाषेत सांगायचं तर बॉसवेल कर्मधारय सोडवतात आणि राइट तत्पुरुष. 'नरसिंह' हा नर असलेला सिंह. 'नरभक्षक' हा नर असलेला भक्षक नव्हे, वाघीणही नरभक्षक असते. मग अर्सेनोकोइतेस कुठल्या रांगेत बसतो? ग्रीक कवी हिप्पोनॅक्सकडे 'मेत्रोकोइतेस' अशी शिवी आहे, आईशी निजणारा. तिथे आईला कर्ता करून विग्रह करून पाहा, म्हणजे बॉसवेल यांचा समास कुठे मोडतो ते कळेल.

बायबलचे अभ्यासक डेल मार्टिन यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, घटक जोडून शब्दाचा अर्थ निघत नाही. आपल्याला हे मीमांसकांनी कधीच सांगून ठेवलं आहे: कुशल म्हणजे कुश तोडणारा नव्हे, प्रवीणला वीणा वाजवता यावी लागत नाही, योगापेक्षा, म्हणजे घटकांतून निघणाऱ्या अर्थापेक्षा, रूढी बलवान. मान्य. पण रूढी व्हायला शब्द वापरून झिजावा लागतो. टांकसाळीतून नुकत्याच पडलेल्या नाण्यावरचा छाप बोटाला लागतो. पौलाच्या वाचकाला हा शब्द नवा असेल तर त्याने तो घटकांवरूनच उलगडला असणार. मार्टिन यांच्याकडचे पुढचे दाखले पौलानंतरचे आहेत, आणि नंतरच्या झिजेवरून आधीचा छाप ठरत नाही.

एवढं कळलं म्हणून वाद मिटतो असं मात्र नाही. शब्दात शेज आहे, म्हणजे कृती आहे, कल नाही. नर आहे, त्यामुळे स्त्रियांबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. पौलाच्या डोळ्यांपुढे कोण होतं, रॉबिन स्क्रॉग्स हे अभ्यासक म्हणतात तसे पोरांना नादी लावणारे प्रौढ की सगळेच, हे समास सोडवून कळणार नाही. ल्युथरने त्याचं जर्मन करताना पोरांना नासवणारे असंच केलं होतं. १६११ च्या इंग्रजी बायबलात कृतीचंच वर्णन होतं. घोटाळा झाला १९४६ मध्ये. रिव्हाइज्ड स्टँडर्ड भाषांतराने हा शब्द आणि त्याच्या आधीचा 'मालाकोई', म्हणजे मऊ लोक, असे दोन शब्द एकाच 'होमोसेक्शुअल्स'मध्ये कोंबले. कृतीच्या जागी माणूस आला. १९७१ च्या आवृत्तीत तो काढला, १९८९ मध्ये पुन्हा दोन शब्द वेगळे केले. पण अडीच दशकं त्या एका शब्दावर प्रवचनं झाली ती झालीच. मराठीत 'समलैंगिक' हीच चूक उलट्या दिशेने करतो: माणूस म्हणायचा असताना कृती चिकटवतो.

आणि गंमत अशी की दीक्षेची पात्रता पापी लोकांच्या या यादीत नाहीच. ती तीमथ्याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे, जिथे अध्यक्ष 'एका स्त्रीचा पती' असावा म्हटलं आहे. तिथे 'स्त्री'वर जोर द्यायचा की 'एका'वर, हे भांडण वेगळं.

राहिलं तुमचं वाक्य. बातमी युनायटेड मेथडिस्टांची असेल तर ते असं लिहावं: 'समलिंगी व्यक्तींना दीक्षा देण्यावरची बंदी युनायटेड मेथडिस्ट चर्चने उठवली.' तारीख १ मे २०२४, ठिकाण शार्लट, मतं ६९२ विरुद्ध ५१. पुजारी नको, समलैंगिक नको, आणि 'फूट'ही नको. ती आधीच पडून गेली होती. २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्चेस, बाहेर पडल्या होत्या, म्हणून तर विरोधात फक्त ५१ मतं उरली.