वरती एक खोली काढू का?

प्रश्न: आमचं वेसाव्याच्या गावठाणात जुनं कौलारू घर आहे, खाली दोन खोल्या. थोरल्याचं लग्न झालं, आता सूनबाईंना दिवस गेलेत, धाकटा बाहेर पॅसेजमध्ये झोपतो. कौलं काढून स्लॅब टाकून वरती एक खोली होईल का? मिस्त्री म्हणतो पंधरा दिवसात करून देतो.

उत्तर: काकू, आधी आजी होणार म्हणून अभिनंदन! मिस्त्री पंधरा दिवसात करेलही हो, पण भिंतींना विचारलंय का त्याने? 10 बाय 10 फुटांचा नुसता 4 इंची स्लॅब सव्वादोन टनांच्या वर जातो, त्यावर भिंती, माणसं, कपाट, आणि हजार लिटरची टाकी बसवली की भरल्यावर तिचाच अजून एक टन, आणि तुमच्या भिंती कौलांचं वजन पेलायला बांधलेल्या. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तो पाया उकरून बघेल. पालिकेची लेखी परवानगी हवीच, नाहीतर 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 354अ खाली काम थांबवायची नोटीस येते, कौलं उतरवलेली आणि वर पावसाळा, मग काय करणार? बाळ यायच्या आत हे उरकणार नाही, तोवर धाकट्याला आतल्या खोलीत भिंतीला दुमडणारा पलंग करून द्या.