इसिस पुरातन वस्तू विकून अब्जावधी डॉलर कमवत होती, याला ठोस पुरावा आहे का?

व्यापार झाला, याला पुरावा आहे. अब्जावधींच्या आकड्याला नाही. आपल्या प्रश्नात या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या कराव्या लागतील.

सर्वांत भक्कम पुरावा पावत्यांचा आहे. मे २०१५ मध्ये सीरियाच्या देर एझोर भागात अमेरिकी सैनिकांनी इसिसचे पैशांचे व्यवहार पाहणाऱ्या अबू सय्याफवर छापा घातला, तेव्हा पुरातन वस्तूंच्या विक्रीवरील वीस टक्के कराच्या, म्हणजे ‘खुम्स’च्या, पावत्या हाती लागल्या. सुमारे चार महिन्यांत २ लाख ६५ हजार डॉलर कर जमा झाल्याचे त्यांवरून दिसते. त्याची पाचपट केली की विक्री तेरा लाखांच्या आसपास येते. ही बेरीज हाती आलेल्या पावत्यांपुरतीच आहे हे मान्य, पण तेवढ्यावरून अब्जांवर उडी मारणे म्हणजे एका तलाठी सज्जाच्या वसुलीवरून राज्याचा महसूल सांगणे झाले. लुटारूंनी खणलेले खड्डे दाखवणाऱ्या उपग्रहचित्रांचेही तसेच: सीरियातील अपामिया या प्राचीन शहराची चाळण २०११-१२ मध्येच झाली होती, आणि तेव्हा इसिस तिथे नव्हती.

व्यापाऱ्यांचा उलट दावा असा की, बाजारात असा माल दिसत नाही, म्हणजे तो आलेलाच नाही. तो मला पटत नाही. मी साताऱ्यात शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी, जमवतो. पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या शिवराईवरचे ‘श्री राजा शिव’ झिजून गुळगुळीत झालेले असते, तर जमिनीतून निघालेल्या नाण्याच्या अक्षरांच्या खाचांत माती आणि हिरवट कळंक घट्ट बसलेला असतो. विकणारा मात्र दोन्ही नाण्यांची हकिगत एकच सांगतो, ‘आजोबांच्या पेटीतली’, आणि चिंचेने घासल्यावर तेवढी खूणही उरत नाही. (जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन कलेक्टरांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे, किती जण कळवतात, ते सोडा.)

मोठ्या बाजारातही हेच चालते, फक्त कागद जास्त असतात. अमेरिकेतील हॉबी लॉबी कंपनीने २०१० मध्ये सोळा लाख डॉलरना इराकमधील सुमारे ५,५०० प्राचीन वस्तू घेतल्या. त्यांतल्या मातीच्या पाट्यांच्या काही पार्सलांवर ‘टाइल्सचे नमुने’ असे लिहिलेले होते. तीस लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटायला २०१७ उजाडले. त्यामुळे २०१५ चा माल लिलावात दिसला नाही, एवढ्यावरून मी काहीच ठरवत नाही.